साडेपाच पौंड

"नवख्याच्या हातात जड बंदूक द्यायची आणि तिच्या पोटात लहान काडतूस. वजन हातांना छळतं, पण खांद्याला वाचवतं. उलटं केलंस तर ती भेट नव्हे, थप्पड. कळलं का, लिओना?" बाबांनी हे सांगितलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून ते नळी पुसत होते, तेलाचा वास आईच्या कोबीच्या वासात मिसळला होता, आणि तिने मान हलवली होती ती नुसती हलवायची म्हणून. कळलं होतं ते पुढे, खांद्याला. आता चौतीस वर्षांनी, मिलवॉकीच्या दक्षिण भागात, ज्या रस्त्यावरून ती रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाते त्याच रस्त्यावरच्या बंदुकांच्या दुकानात, काउंटरमागच्या म्हाताऱ्याने एक रायफल तिच्या हातांत ठेवली आणि तिचे हात एकदम वर उडाले. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं झालं. छातीत काहीतरी क्षणभर लटकून राहिलं. "साडेपाच पौंड," म्हातारा म्हणाला. "सगळेच दचकतात." ती दचकली नव्हती. तिला शेवटच्या महिन्यातले बाबा आठवले होते. चादर बदलताना त्यांना उचललं तेव्हाही तिचे हात असेच वर गेले होते, आणि त्यांचं डोकं तिच्या हनुवटीला लागलं होतं.

"कुणासाठी?" म्हाताऱ्याने विचारलं. नवऱ्यासाठी म्हटल्यावर तो हसला. "इथे उलटं असतं बाई. नवरे येतात, बायकोसाठी हलकीशी द्या म्हणतात. आठवड्याने बायका येतात, खांदा काळानिळा करून, बंदूक परत द्यायला. पहिलीच का त्याची?" पहिलीच, ती म्हणाली. तिचा आवाज मुळात हळू. लोकांना पुढे वाकून ऐकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला काहीतरी चांगलं सांगितलं जातंय. म्हातारा वाकला. "मग हलकी घ्या, पण लहान काडतुसाची. हरणाला पुरते. मोठ्या काडतुसाची हवी असेल तर ती पलीकडची बघा, आठ पौंडांची. हलकी आणि मोठी दोन्ही घेऊ नका. ती लाथ मारते." ती म्हणाली, "हीच द्या. मोठ्या काडतुसाची." म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "त्याच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय," ती म्हणाली, "जड तोलता येत नाही त्याला. आणि आमच्या घरी सगळे मोठंच काडतूस वापरतात. तो एकटाच लहान घेऊन आला तर माझा भाऊ त्याला वर्षभर जगू देणार नाही." यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं न बोलण्याचा तिचा नेम होता, आणि नेम मोडावा लागला नाही याचं तिला बरं वाटलं. दस्त्याच्या लांबीसाठी हाताचं माप आणलंय का, असं त्याने विचारल्यावर तिने पर्समधून चिठ्ठी काढली. कोपराच्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत, सव्वातेरा इंच. रविवारी वॉरन पेपर वाचत बसला होता तेव्हा शिवणाच्या टेपने तिने ते घेतलं होतं. त्याची बाही गुंडाळलेली होती, हातावरचे केस पिंगट आणि मऊ. टेप लागताच त्याला गुदगुल्या झाल्या. "शवपेटी शिवतेस काय माझी?" तो म्हणाला, आणि ती हसली होती. बावीस वर्षं ती त्याच्या विनोदांना हसत आली होती. चेहऱ्याला आता त्यासाठी काही करावं लागत नव्हतं, दार वाऱ्याने उघडतं तसा तो उघडायचा.

वॉरन वाईट माणूस नव्हता. हे ती स्वतःला इतक्या वेळा सांगायची की ते जपमाळेतल्या एका मण्यासारखं गुळगुळीत झालं होतं. तो शाळेत गणित शिकवायचा, घरी येताना तिच्यासाठी बेकरीतून जर्दाळूची पेस्ट्री आणायचा, पाव कापताना शेवटचा कडक तुकडा तिला आवडतो म्हणून बाजूला ठेवायचा. तो मूळचा इलिनॉयचा, राज्याच्या सीमेपलीकडचा, आणि बाबांनी त्याला बावीस वर्षांत कधी नावाने हाक मारली नाही. "तो इलिनॉयवाला जेवला का?" एवढंच. उत्तरेकडच्या जंगलातल्या शिकारीच्या कॅम्पवर त्याला कधी बोलावलं नाही. नोव्हेंबरमधल्या हरणाच्या हंगामाच्या नऊ दिवसांत ती आणि गल्लीतले सगळे पुरुष नारिंगी कपडे घालून उत्तरेला जायचे आणि वॉरन बायकांच्या बरोबर घरी राहून पानगळ झाडायचा, त्यावरही विनोद करायचा. विनोद त्याला सगळीकडे दिसायचे. मागच्या वर्षी बाबा हॉस्पिटलमध्ये होते. शेवटच्या आठवड्यात त्यांना वाटायचं, आपण मचाणावर बसलोय. एका दुपारी त्यांनी तिचं मनगट धरलं आणि कुजबुजले, "हलू नकोस. वारा तिच्याकडे जातोय." ती हलली नाही. चाळीस मिनिटं. मध्ये चादर ओली झाली, तो ओलावा तिच्या मनगटाखाली पसरत आला, गरम आणि मग गार, आणि ती तरीही हलली नाही, कारण त्यांचे डोळे खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे लागले होते आणि त्यांत असा आनंद होता की तिने तो आधी फक्त जंगलात पाहिला होता. नर्स आली तेव्हा बाबा तिच्यावर दात ओठ खाऊन रागावले, हरणी पळवलीस म्हणाले. ते तिने फक्त वॉरनला सांगितलं. स्वयंपाकघरात, नळ सुरू ठेवून, रडत. त्याने तिला जवळ घेतलं होतं, आणि त्याच्या शर्टाला खडूचा वास होता.

अंत्यविधीनंतर तीन आठवड्यांनी चर्चच्या तळघरात शुक्रवारचं मासळीचं जेवण होतं. लांब टेबलं, कागदी ताटं, तळणाचा धूर. कुणीतरी बाबांची आठवण काढली, आणि वॉरन उठला, टेबलावरचा रुमाल गुडघ्यांवर चादरीसारखा पसरला, डोळे बारीक केले आणि बाबांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हलू नकोस!" मग नर्स. मग ओली चादर. मग पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांना बाबा हरणं समजत होते, त्यातली एक कशी सोडून द्यायला तयार नव्हते, हे तर त्याने नव्यानेच रचलं. सगळे हसले. तिचा धाकटा भाऊ काझ हसता हसता रडला, टेबलावर हात आपटत म्हणाला, "अगदी बाबाच रे! दाजी, अगदी बाबाच!" आणि तीही हसली. तिने स्वतःला हसताना ऐकलं. वॉरनने खाली बसताना टेबलाखालून तिचा हात हातात घेतला. पाहिलंस ना, कसे सगळे खूश झाले, असा. त्याचा तळवा घामाने ओला होता. त्या दिवशी तिने दोन नेम धरले, वर्षभराचे, बाबांसाठी. कॉफीत साखर घालायची नाही. आणि सकाळी जपमाळ पूर्ण झाल्याशिवाय तोंडातून एक शब्द काढायचा नाही. फादर म्हणाले, नेम छान आहे. वॉरन म्हणाला, माझी सकाळ शांततेत जाणार म्हणून मीही देवाचे आभार मानतो. बाकी काहीच बदललं नाही. फक्त कधी कधी भांडी घासताना तिच्या मनगटावर एक गरम पट्टा यायचा, मग गार व्हायचा.

उन्हाळ्यात तो म्हणाला, "लिओ, या वर्षी मी यायचं म्हणतो. बाबांचं मचाण रिकामं आहे ना." तो नेहमीसारखा हसत नव्हता. पाव कापत होता आणि सुरीकडे बघत होता. "बंदूक तूच निवड. तुला कळतं. मला फक्त हलकी हवी, या खांद्यामुळे." त्याच क्षणी तिला कळलं होतं की ती काय निवडणार आहे. तिने ठरवलं असं नाही. ते आधीच तिथे होतं, कपाटाच्या मागे पडलेली वस्तू एखाद्या दिवशी हाताला लागावी तसं. इतकं हलकं होतं ते. पुढचे चार महिने तिने त्याला काहीही केलं नाही. जर्दाळूच्या पेस्ट्रीबद्दल आभार मानले, शर्टांना इस्त्री केली. जपमाळ म्हणताना दुःखाच्या रहस्यांपाशी आली की ख्रिस्ताला खांबाला बांधून मारलेल्या फटक्यांच्या रहस्यावर ती जराशी रेंगाळायची, आणि तिचं तिलाच कळायचं की आपण बांधलेल्याच्या बाजूने नाही, चाबकाच्या बाजूने उभ्या आहोत.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ते दोघे आणि काझ शहराबाहेरच्या खडीच्या जुन्या खाणीत चांदमारीला गेले. काझने फळीवर कागदी चकती लावली. वॉरन बाकावर बसला, नवी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, आणि तिच्यावरच्या दुर्बिणीतून नीट दिसेना म्हणून मान पुढे काढत गेला. नवखे काढतातच. दुर्बिणीची लोखंडी कड आणि त्याची भुवई यांच्यात चार बोटं जागा हवी होती. तीन राहिली. दोन. तिला त्या कडेचा गारवा तिच्याच कपाळाला लागल्यासारखा वाटला. मान मागे. एवढे दोनच शब्द होते. जपमाळ तर पहाटेच झाली होती, तोंड मोकळं होतं. तिने गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडून पुन्हा बांधला. आवाज झाला, खाणीच्या भिंतींवरून परत आला, आणि वॉरन बाकावरून मागे गेला. भुवईवर अर्धगोल चीर, आणि त्यातून रक्त असं घाईघाईने आलं जसं आतमध्ये बराच वेळ रांगेत उभं होतं. सगळ्यात आधी तोच हसला. "हरीण कुठंय? त्यानेच मारलं ना मला?" काझ गुडघ्यांवर हात ठेवून हसत सुटला. "दाजी, तुमच्या इलिनॉयला बंदूक उलट्या बाजूने धरतात काय?" तिने रुमाल दाबून धरला. रुमालाखालून त्याचं रक्त तिच्या मनगटापर्यंत आलं, गरम, मग गार, आणि तिच्या पोटात काहीतरी शांत झालं. थंडीत पहिला घोट पोटात उतरतो तसं. गाडीत, टाके घालायला जाताना, तो म्हणाला, "अजून चार गोळ्या झाडू का? काझ म्हणतो, सवय होईल." ती म्हणाली, "तुला जमेल तसं." तो म्हणाला, "तू निवडलीस म्हणजे बंदूक बरोबरच असणार. मीच भित्रा आहे, लिओ. आवाजाच्या आधीच माझं अंग आखडतं." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून झालेली मक्याची शेतं होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

पापकबुलीच्या पेटीत जाळीपलीकडे फादरांचा श्वास ऐकू येत होता, त्यांना सर्दी झाली होती. ती म्हणाली, मी नवऱ्यावर रागावले आहे. बरेच दिवस. फादर म्हणाले, त्याला काही बोललीस का? नाही. मारलंस? नाही. खोटं बोललीस? नाही, फादर. मग तीन वेळा 'नमो मरिये' म्हण, आणि त्याला काहीतरी गोड करून घाल. ती बाकावर गुडघे टेकून तीन वेळा म्हणाली आणि तिला वाटलं, आपल्याला फसवलं गेलं आहे. इतकं स्वस्त कसं? तिने दहाही आज्ञा एकेक करून मनात तपासल्या. एकीतही वजनाबद्दल काही नव्हतं. घरी जाऊन तिने खसखशीचा रोल केला. वॉरनने तीन तुकडे खाल्ले, भुवईवरच्या तीन टाक्यांसाठी एकेक, म्हणाला. त्याने मधल्या दोन आठवड्यांत आणखी पाच गोळ्या झाडल्या होत्या. पाचही वेळा चाप ओढायच्या आधी त्याने दोन्ही डोळे घट्ट मिटले होते. काझने ते पाहिलं नाही, तो चकती बघत होता. तिने पाहिलं.

कॅम्प म्हणजे बाबांनी आणि त्यांच्या भावाने लाकडी ओंडक्यांचं बांधलेलं एका खोलीचं घर. शेगडी, सहा बाकडी, आणि भिंतीवर ओळीने खिळ्यांना टांगलेल्या शर्टांच्या मागच्या शेपट्या. ज्याचा नेम साफ चुकतो त्याचा शर्ट मागून कात्रीने कापायचा, तुकड्यावर नाव आणि वर्ष लिहून भिंतीवर टांगायचा, ही त्या जंगलातली जुनी रीत. काझच्या चार होत्या. चुलतभाऊ नॉर्बच्या सात, त्यातली एक मुलीच्या लग्नातल्या शर्टाची. बाबांची एकच, पिवळी पडलेली. तिची एकही नव्हती. तेराव्या वर्षी तिचा नेम बिघडला होता, पण तो चुकला नव्हता, लागला होता, मादीच्या पोटात, आणि त्यासाठी शर्ट कापत नाहीत. त्यावर कुणी हसतही नाही. त्या दिवशी बाबांनी तिला लगेच मागावर जाऊ दिलं नाही. ओंडक्यावर बसवलं आणि स्वतः सँडविचचा कागद सोडला. "थांब. आता गेलीस तर ती उठेल, पळेल, आणि तिचं मरण लांबेल. पोटात लागलं की चार तास द्यायचे. ती आडोसा बघून झोपते. मग जायचं, हळू." चार तास ती बर्फात बसून रडली, आणि बाबा एकदाही जाऊ दे म्हणाले नाहीत. मग दुपारभर ते दोघे पानापानावरचा एकेक ठिपका शोधत गेले. जिथे शेवटचा दिसला तिथे फांदीला चिंधी बांधायची आणि पुढचा शोधायचा. मादी जिवंत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं होतं. ते झाल्यावर बाबांनी तिचा हात रायफलीच्या दस्त्यावर ठेवला. "जे दुखावशील त्याच्या मागे शेवटपर्यंत जायचं. पाऊस असो, बर्फ असो, कुणी हसो. नाहीतर पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही. शब्द दे." तिने दिला. दस्ता ओला होता, आणि त्यावर मादीचे केस चिकटले होते.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाट राखाडी होत असताना ती आणि वॉरन बाबांच्या मचाणावर चढले. फळी दोघांपुरती होती. तिच्या मांडीवर बाबांची जुनी रायफल, साडेआठ पौंड, मांड्यांना रग लागेल अशी. त्याच्या मांडीवर ती हलकी. रोज ती अंथरुणातच जपमाळ सुरू करायची. आज केली नाही. मचाणावर बसल्यावर हातमोज्याच्या आत पहिला मणी धरला. असं का केलं ते तिला त्या वेळी माहीत होतं की नाही, हे तिला नंतर सांगता आलं नसतं. वॉरनने कुजबुजत विचारलं, "थंडी वाजतेय का?" तिने मान हलवली. तो समजला, नेम. चार मणी, पाच मणी. झाडांच्या मधली जागा हळूहळू झाडांपासून वेगळी झाली. जपमाळेच्या चौथ्या दशकात, सातव्या मण्यावर, ओकच्या मागून नर आला. चार वर्षांचा असावा, जाड मानेचा, नाक जमिनीला, साठ पावलांवर, पूर्ण आडवा. एवढं सोपं हरीण बाबांनाही क्वचित मिळालं असेल. वॉरनने रायफल उचलली. छान उचलली, हलकीच होती ती. मान मागे ठेवली, भुवईने तेवढं शिकवलं होतं. आणि मग लिओनाने हरणाकडे बघणं सोडलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. इंजेक्शनची वाट बघणाऱ्या मुलासारखा तो चेहरा आधी आखडला, ओठ आत गेले, आणि डोळे मिटले, दोन्ही, घट्ट, पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत. डोळे उघड. एवढंच म्हणायचं होतं. बाबा असते तर हळूच म्हणाले असते, आणि हरणाने कान हलवला असता, आणि सगळं सुटलं असतं. पण तिच्या बोटांत सातवा मणी होता, आणि ओठ मिटलेले होते, आणि मिटलेल्या ओठांमागे तिला स्वच्छ, थंड, जवळजवळ पवित्र असं काहीतरी वाटत होतं. मी नेमात आहे.

आवाज झाला. नराने पाठीची कमान केली, चारही पाय एकत्र घेतले, जसं पोटात कळ आलेला माणूस घेतो. शेपूट खाली. पळाला नाही. चालत गेला, दोन पावलं, तीन, थांबला. तिच्या मांडीवर साडेआठ पौंड होते. ती उचलू शकली असती, तेवढा वेळ त्याने दिला होता. पण ती अजून वॉरनचे डोळे उघडायची वाट बघत होती. ते उघडले तेव्हा ओकपाशी कुणी नव्हतं. "चुकली?" तो म्हणाला. "लागलं नाही ना? पळालं ना ते?" ती उरलेले मणी म्हणत होती. एकही गाळला नाही. चौदा मणी, शेवटची प्रार्थना, क्रूस. मग ती उतरली आणि ओकपर्यंत गेली. पानांवर केसांचा एक झुबका होता, खरखरीत, टोकाला पांढरट, पोटाकडचा. पलीकडे एका पानावर ओला डाग, तांबूस आणि हिरवट. ती वाकली, आणि त्या डागाला अर्धवट पचलेल्या गवताचा आंबट वास होता. तेहतीस वर्षांनी तोच. मचाणावरून वॉरनने दबक्या आवाजात विचारलं, "काही आहे का, लिओ?" जपमाळ संपली होती. दिवसाचा पहिला शब्द होता तो, आणि तिचा पहिला खोटा शब्द. "नाही," ती म्हणाली. तिला वाटलं, हे मी त्याला वाचवायला म्हणाले. लगेच वाटलं, नाही. हे माझं आहे. याला मी हात लावू देणार नाही, याचा त्याला मी विनोद करू देणार नाही.

आठ वाजता कॅम्पवर कात्री निघाली. नॉर्बने वॉरनला बाकावर उलटं बसवलं, काझने चौकड्यांचा नवा शर्ट मागून वर खेचला आणि कापत गेला, थेट खांद्यापर्यंत. "दाजी, आज तुम्ही घरातले झालात! बावीस वर्षं लागली, पण झालात!" वॉरनचा चेहरा लाल झाला होता, आणि असा उजळलेला चेहरा तिने त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. ब्रँडीचा घोट फिरला. तो सांगू लागला. "मी डोळे मिटले. म्हटलं, त्यानेही मिटावेत, म्हणजे सगळं कसं सभ्यपणे होईल. उघडून बघतो तर साहेब गेलेले! चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही." सगळे हसले. त्याने आणखी एकदा सांगितलं, नराची चाल करून दाखवली, नाक उंच, ऐटीत. नर तसा चालला नव्हता. सांगताना त्याचा हात पुन्हा पुन्हा भुवईवर जात होता, आणि बाकी कुणी त्या हाताकडे बघत नव्हतं. चर्चच्या तळघरातही ओला तळवा होता, तिला आठवलं. आठवलं, एवढंच. तिने साखरेशिवाय कॉफी घेतली आणि शेगडीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार तास. साडेअकरापर्यंत. काझने तुकड्यावर कोळशाने 'वॉरन' लिहिलं. बाबांच्या शेजारी खिळा ठोकला. इलिनॉयवाला नाही, वॉरन. नऊ. साडेनऊ. आता तो नर कुठल्या तरी पडलेल्या झाडाच्या आडोशाला झोपला असेल, पाय पोटाशी घेऊन, कान आवाजाकडे. दहा. जंगलात काहीतरी जिवंत होतं ते केवळ ती इथे कॉफी पीत होती म्हणून, आणि त्याला ते जिवंत असणं नको होतं. साडेदहाला खिडकीबाहेर पहिले बर्फाचे कण दिसले. बर्फ ठिपके झाकतं. लवकर जावं तर तो उठेल. थांबावं तर वाट पुसेल. ती अकरापर्यंत थांबली. तिने याआधी कधी एवढी मनापासून प्रार्थना केली नव्हती, आणि काय मागायचं ते तिला माहीत नव्हतं.

मग ती उठली. नारिंगी कोट घातला, सुरी पट्ट्याला लावली, ओढून आणायची दोरी खांद्यावर घेतली, बाबांची रायफल उचलली. "ताई, कुठे? सूप होतंय," काझ म्हणाला. फळीवर टिश्यूचा रोल होता. मागाच्या खुणा बांधायला हल्ली सगळे तोच नेतात, तो तिला दिसला होता. ती त्याच्यापुढून गेली आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून वॉरनच्या शर्टाची शेपटी काढली. "अगं, ती भिंतीवरची आहे, ती काढायची नसते..." काझ म्हणाला आणि थांबला. त्याने दोरी पाहिली. नॉर्बने घोट घ्यायला उचललेला कप खाली ठेवला. ती दाराशी उभी राहून कापड दातांनी फाडत होती, अंगठ्याएवढ्या पट्ट्या, एकेक करून खिशात टाकत होती. त्या घरात प्रत्येकाला माहीत होतं, अशा पट्ट्या कशासाठी करतात. एकालाच माहीत नव्हतं, आणि तो अजून हसत होता, भुवईवर व्रण, पाठ उघडी. मग त्याने काझकडे पाहिलं, नॉर्बकडे पाहिलं, आणि ते हसू त्याच्या चेहऱ्यावर नुसतंच राहून गेलं, आत माणूस नसलेल्या खोलीतल्या दिव्यासारखं. "लिओ," तो म्हणाला, "तू तर म्हणालीस..." काझ उठून शेगडीकडे वळला. वॉरन उभा राहिला, शर्टाची दोन अर्धुकं दोन्ही बाजूंना लोंबत होती. "मी येऊ?" त्याने विचारलं, इतक्या हळू की आज तिला पुढे वाकावं लागलं. "पाठ उघडी आहे तुझी," ती म्हणाली. "शेगडीपाशी बस."

ओकपाशी पोचली तेव्हा तो डाग अर्धा झाकला गेला होता. तिने गुडघे टेकले, हातमोजा काढला आणि बर्फ बोटाने अलगद बाजूला केलं. होता. पुढे चार पावलांवर दुसरा, मटराएवढा. तिथल्या फांदीला तिने चौकड्यांची पहिली पट्टी बांधली. तिच्यावर 'व' होता. मग ती उठली, साडेआठ पौंड दुसऱ्या खांद्यावर घेतले, आणि पुढचा ठिपका शोधत खाली दलदलीच्या बाजूला चालू लागली, हळू, पाय न वाजवता.